नागरिकत्व आलं कुठून, वाढलं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागरिकत्वाची सुरुवात कुठून धरायची?

बहुतेक जण अथेन्सपासून धरतात आणि मीही तिथूनच धरतोय. त्याआधी कुठे काही नव्हतं असं नाही हं, आपल्याकडे वैशालीच्या लिच्छवींची गणसभा होतीच, पण तिथे सभेत बसायचा हक्क ठराविक घराण्यांपुरता होता. अथेन्सचं बरं असं की तिथले कायदे, कोर्टातली भाषणं, भांडणं सगळं लिहिलेलं शिल्लक आहे, त्यामुळे एकेका माणसाचं काय झालं इथपर्यंत जाता येतं.

इ.स.पू. ५०८ च्या सुमारास अथेन्सचा पुढारी क्लेइस्थेनीस यानं एक मोठी गोष्ट केली. तोपर्यंत माणूस कुणाच्या कुळातला यावर सगळं ठरायचं, यानं सगळ्या प्रदेशाचे गाव-वस्तीप्रमाणे भाग पाडले, त्यांना डीम म्हणायचे, असे १३९ डीम होते, आणि माणसाची ओळख त्या डीमच्या यादीला बांधली. मुलगा अठरा वर्षांचा झाला की डीममधले लोक मतदान करून त्याचं नाव यादीत घ्यायचे. नाव लागलं की सभेत बोलता यायचं, मत देता यायचं, चिठ्ठ्या टाकून निवडल्या जाणाऱ्या पाचशेंच्या मंडळात नंबर लागू शकायचा, ज्युरीत बसता यायचं. म्हणजे हे नागरिकत्व रोज वापरायचं होतं, खिशात ठेवायचा दाखला नव्हता.

मग अथेन्समध्ये राहणारे सगळेच नागरिक होते का?

अजिबात नाही. बायका नाहीत, गुलाम नाहीत, बाहेरून येऊन स्थायिक झालेले नाहीत. या बाहेरच्यांना मेटिक म्हणायचे, त्यांनी वर्षाला १२ द्राख्मा टॅक्स भरायचा (एकट्या बाईला ६), लढाईला जायचं, पण जमीन घ्यायची नाही आणि सभेत तोंड उघडायचं नाही. नागरिक म्हणजे जो राज्य चालवण्यात आणि न्याय करण्यात भाग घेतो तो, अशी व्याख्या करणारा अ‍ॅरिस्टॉटल स्वतः स्टॅगिराचा, म्हणजे अथेन्समध्ये मेटिकच! त्याच्या स्वतःच्या व्याख्येत तो बसत नव्हता.

इ.स.पू. ४५१ मध्ये तिथला पुढारी पेरिक्लीस यानं नियम आणखी आवळला, आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. पुढे प्लेगमध्ये त्याची दोन्ही औरस मुलं गेली, उरला तो मिलेटसहून आलेल्या अस्पाशियापासून झालेला मुलगा, आणि त्याच्यासाठी पेरिक्लीसला आपल्याच कायद्यातून लोकांकडे सूट मागावी लागली. लोकांनी ती दिली. पण लिसियासचं बघा, ढालींचा कारखाना असलेला श्रीमंत मेटिक, हुकूमशहांनी भावाला मारलं, संपत्ती लुटली, यानं लोकशाही परत आणायला पैसा आणि माणसं पुरवली, त्याला नागरिक करायचा ठराव झाला आणि तांत्रिक कारणावरून रद्द झाला. मला वाटतं या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कळतं, कुंपण सगळ्यांसाठी सारख्या उंचीचं कधीच नव्हतं.

यादीतून नाव कापलं गेलं तर काय व्हायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इ.स.पू. ३४६ मध्ये अथेन्सनं ठरवलं की सगळ्या डीमच्या याद्या नव्यानं तपासायच्या. हालिमुस नावाच्या डीममध्ये युक्सिथियस नावाचा एक माणूस होता. साधा माणूस, पण गावानं त्याला आधी प्रमुखसुद्धा केलेलं, तेव्हा काही लोकांची येणी त्यानं वसूल केली आणि वैर ओढवून घेतलं. तपासणीच्या दिवशी त्या वेळचा प्रमुख युब्युलिडीस यानं दिवसभर भाषणं आणि ठराव यातच वेळ घालवला, ७३ जणांनी शपथ घेतलेली, पण बैठक शहरात आणि गाव लांब, म्हणून संध्याकाळ झाली तशी म्हातारी माणसं घरी निघून गेली. अंधार पडल्यावर याचं नाव पुकारलं. तेव्हा जेमतेम तीस जण उरले होते आणि मतं मोजली तर साठाच्या वर निघाली!

त्यानं अपील केलं, त्याच्यासाठी अथेन्सचा नामांकित वक्ता डेमोस्थेनीस यानं लिहून दिलेलं भाषण आजही वाचायला मिळतं. आरोप काय होते? बाप परदेशी उच्चारात बोलायचा. आई बाजारात रिबिनी विकायची आणि दुसऱ्याच्या मुलाला दूध पाजायची दाई होती, म्हणजे ती नागरिक बाई कशी असेल. तो सांगतो, बाप युद्धात पकडला गेला, गुलाम म्हणून विकला गेला, कित्येक वर्षांनी सुटून आला, तिकडे राहून उच्चार बदलला. आईनं काम केलं ते गरिबी होती म्हणून, आणि गरिबी म्हणजे परकेपणाचा पुरावा नव्हे. मग तो चुलते, मावसभाऊ, मामा, एकेकाला साक्षीला उभं करतो, कारण जन्माचा दाखला हा प्रकारच नव्हता, नातेवाइकांच्या जबान्या हाच कागद. अपील हरलं तर शिक्षा होती गुलाम म्हणून विक्री.

आसामच्या एनआरसीची, म्हणजे राष्ट्रीय नागरिक नोंदवहीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ ला आली, १९ लाख ६ हजार ६५७ माणसं बाहेर राहिली, आणि त्यातले किती तरी लोक वडलांच्या नावाचं स्पेलिंग, आजोबांचा जुना मतदार यादीतला उतारा, लग्नानंतर गाव बदललेल्या बाईचा दाखला घेऊन हिंडत होते. दोन्हींत कायदे वेगळे, काळ वेगळा, पण यादी तपासायला काढली की सगळ्यात आधी कोण अडकतं ते सारखंच दिसतं: गरीब, बोलण्यात वेगळे, आणि ज्यांचं गावातल्या पुढाऱ्याशी पटत नाही ते.

रोमनं वेगळं काय केलं?

रोमनं नागरिकत्व वाटलं. म्हणजे फुकट नाही, हिशोब करून, हप्त्याहप्त्यानं, पण वाटलं. जिंकलेल्या शहरांपैकी कुणाला व्यापाराचा आणि लग्नाचा हक्क, कुणाला मताशिवाय नागरिकत्व, कुणाला पूर्ण. ग्रीकांना फार नवल वाटायचं ती गोष्ट म्हणजे रोमन मालकानं रीतसर मुक्त केलेला गुलाम नागरिक व्हायचा, त्याला स्वतःला काही पदं मिळायची नाहीत पण त्याच्या मुलाला ती आडकाठी नव्हती.

तरीही मोठी वाढ झाली ती मारामारीनंतरच. इटलीतली मित्रशहरं पिढ्यानपिढ्या रोमसाठी सैनिक देत होती, लढाईत मरत होती, आणि मत मात्र नाही. शेवटी इ.स.पू. ९१ मध्ये त्यांनी बंड केलं. रोमनं लढाई बरीचशी जिंकली, पण इ.स.पू. ९० आणि ८९ च्या कायद्यांनी जे मागत होते तेच देऊन टाकलं. पुढे साम्राज्यात बिगर-रोमन पलटणीत २५ वर्षं नोकरी केली की सैनिकाला नागरिकत्व मिळायचं, आणि त्याचा पुरावा म्हणून ब्राँझच्या दोन पत्र्यांवर कोरलेला दाखला, तारेनं बांधून साक्षीदारांचे शिक्के मारलेला. असे शेकडो पत्रे युरोपात जमिनीखाली सापडलेत.

रोमन नागरिक असण्याचा रोजच्या जगण्यात काय फायदा?

अंगावर हात पडायच्या आधी थांबवता यायचं. बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांत प्रसंग आहे, जेरुसलेममध्ये पौलाला चाबकानं फोडायला बांधलेलं असतं, तो विचारतो, रोमन नागरिकाला चौकशीविना फटके मारणं कायद्यात बसतं का? लगेच सरदार घाबरतो. तो म्हणतो मी तर हे नागरिकत्व भरपूर पैसे मोजून घेतलं, पौल म्हणतो मी जन्मानंच आहे.

पण दरवेळी उपयोग व्हायचाच असं नाही. सिसिलीत वेर्रेस नावाच्या सुभेदारानं गावियस नावाच्या नागरिकाला भर चौकात फटके मारले, तो ओरडत होता मी रोमन नागरिक आहे, तरी त्याला क्रुसावर चढवलं. रोमन वकील सिसेरो यानं इ.स.पू. ७० मध्ये वेर्रेसवर जो खटला चालवला त्याच्या भाषणांत हा प्रसंग त्यानं शेवटासाठी राखून ठेवलेला. कायद्यात हक्क आणि समोर मुजोर अधिकारी, ही गाठ तेव्हापासूनची आहे.

२१२ साली रोमन बादशहा कॅराकॅलानं सगळ्यांना नागरिक केलं. मग प्रश्न मिटला ना?

साम्राज्यातले जवळजवळ सगळे स्वतंत्र लोक एका फर्मानानं नागरिक झाले हे खरं. त्याच काळातला इतिहासकार कॅसियस डायो म्हणतो की हेतू टॅक्सचा होता, कारण वारसा कर फक्त नागरिकांवर होता आणि बादशहानं तो पाचाचा दहा टक्के केला होता. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की सगळे नागरिक झाले तेव्हाच त्या शब्दातला जीव जायला लागला होता. कोर्टात आता 'प्रतिष्ठित' आणि 'सामान्य' असे दोन वर्ग पडले, प्रतिष्ठिताला हद्दपारी आणि सामान्याला त्याच गुन्ह्यासाठी खाणीत मजुरी नाहीतर जनावरांपुढे टाकणं. पौलाला ज्या चाबकापासून वाचता आलं तो सामान्य नागरिकाच्या पाठीवर परत आला.

मधल्या हजार वर्षांत काय झालं?

युरोपात कल्पना शहरांच्या तटबंदीत शिल्लक राहिली. बऱ्याच जर्मन शहरांत नियम होता की जमीनदाराकडून पळून आलेला वेठीचा कुळवाडी शहरात एक वर्ष आणि एक दिवस टिकला, मालकानं दावा केला नाही, तर तो मोकळा. पण मोकळा म्हणजे शहराचा नागरिक नव्हे, त्यासाठी शपथ, फी, घर किंवा धंद्याच्या संघाची मेंबरशिप लागायची. बाकी गावोगावची जनता कुणाची तरी रयत होती.

रयत आणि नागरिक यात फरक काय?

रयतेचं नातं वर जातं, राजाशी. तुम्ही निष्ठा द्यायची, तो संरक्षण देणार. इंग्लंडमध्ये १६०८ साली कॅल्विन खटल्यात ठरलं की राजाच्या राज्यात जन्मला तो राजाचा प्रजाजन, मग जन्म स्कॉटलंडमधला असला तरी त्याला इंग्लंडमध्ये जमीन घेता येईल. वरवर उदार वाटतं ना? पण त्याचा दुसरा अर्थ असा घेतला गेला की एकदा प्रजा ती मरेपर्यंत प्रजा, सोडून जाता येणार नाही. ब्रिटननं ही गाठ १८७० च्या कायद्यानं सैल केली. जन्माच्या जागेवरून नागरिकत्व ठरवायची जी पद्धत पुढे अमेरिकेत गेली आणि आपल्याकडेही आली तिचं मूळ या राजनिष्ठेत आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

फ्रेंच क्रांतीनं सगळ्यांना समान नागरिक केलं, बरोबर?

राष्ट्रसभेच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात हो, २६ ऑगस्ट १७८९. प्रत्यक्षात काही महिन्यांतच त्याच सभेनं सक्रिय नागरिक आणि निष्क्रिय नागरिक असे दोन प्रकार केले. २५ वर्षांवरचा पुरुष, तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणारा, कुणाच्या घरी नोकर नसलेला, तो सक्रिय आणि त्यालाच मत. बाकी सगळे नागरिक म्हणवून घ्यायचे, मत नाही. ज्यू लोकांना पूर्ण हक्क सप्टेंबर १७९१ मध्ये मिळाले. वसाहतींतल्या गुलामांनी आजच्या हैतीत उठाव केला तेव्हा १७९४ मध्ये गुलामी रद्द झाली, नेपोलियननं १८०२ मध्ये ती परत आणली, कायमची गेली १८४८ ला. म्हणजे मिळालेलं परत काढूनही घेता येतं.

आणि फ्रेंच लेखिका ऑलिम्प द गूज. तिनं १७९१ मध्ये बायकांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला, त्यात म्हटलं की बाईला वधस्तंभावर चढायचा हक्क आहे तर भाषणाच्या व्यासपीठावर चढायचाही असला पाहिजे. ३ नोव्हेंबर १७९३ ला तिला गिलोटिनवर चढवलं. फ्रान्सच्या बायकांनी पहिल्यांदा मत दिलं १९४५ साली.

यात महाडचं तळं कुठून आलं?

आलंच पाहिजे, माझ्या मते नागरिकत्वाच्या जगाच्या इतिहासात महाडचं नाव पॅरिसच्या शेजारी लिहायला हवं.

क्रम नीट बघा. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला, सरकारी पैशानं बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं. तळ्यावर मात्र इतर धर्माचे लोक पाणी भरत होते, गुरं पाणी पीत होती, आणि महार, चांभार माणसाची ओंजळ चालत नव्हती. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. देऊळ बाटवणार अशी अफवा उठवून परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं गेलं, आणि नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला.

डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरली तेव्हा कोर्टाची मनाई आलेली. त्या भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं की आपण नुसतं पाणी प्यायला जमलेलो नाही, समतेचा पाया घालायला जमलोय, आणि या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. फरक एवढाच की पॅरिसमधल्यांना हक्क मागायचे होते राजाकडून, इथे ते मागायचे होते शेजाऱ्याकडून, आणि ते मला जास्त अवघड वाटतं. मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला तो १७ मार्च १९३७ ला, दहा वर्षांनी.

आज राज्यघटनेचं कलम १५(२) काढून वाचा. दुकानं, हॉटेलं यांच्याबरोबर विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते असे शब्द तिथे सरळ लिहिलेत. जगातल्या फार थोड्या घटनांमध्ये पाणवठ्याचा उल्लेख मूलभूत हक्कांत सापडेल.

ब्रिटिश राजवटीत भारतीय लोक ब्रिटिश प्रजाजन होते, मग त्यांना साम्राज्यात कुठेही जाता यायचं का?

कागदावर हो आणि धक्क्यावर नाही. मे १९१४ मध्ये कोमागाता मारू हे जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोचलं, जवळजवळ सगळे पंजाबी, सगळे ब्रिटिश प्रजाजन, आणि कॅनडाही ब्रिटिश साम्राज्यातच. पण कॅनडानं नियम केलेला की मायदेशातून एका सलग प्रवासात आलं पाहिजे, आणि भारतातून तशी बोटच मिळत नव्हती. दोन महिने जहाज बंदरात उभं, मग परत पाठवलं. कलकत्त्याजवळ बजबजला उतरताना पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसं गेली. साम्राज्याचं नागरिकत्व ही काय चीज आहे ते तेव्हा कित्येकांना कळून चुकलं.

अमेरिकेत तेव्हा भारतीयांना नागरिक होता यायचं का?

१७९० चा अमेरिकन कायदा म्हणायचा 'स्वतंत्र गोरी व्यक्ती', पुढे त्यात आफ्रिकी वंशाचे आले. मधल्यांचं काय? काही भारतीयांना खालच्या कोर्टांनी नागरिकत्व दिलं होतं. १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, तू नाहीस. तीनच महिन्यांनी भगतसिंग थिंड हा पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात असलेला पंजाबी शीख उभा राहिला, म्हणाला तुमच्याच शास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन आहे. तेव्हा त्याच न्यायमूर्तींनी लिहिलं की शास्त्र राहू द्या, सामान्य माणूस गोरा कुणाला म्हणतो ते महत्त्वाचं. फेब्रुवारी १९२३. त्या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वं रद्द करायला सरकारनं सुरुवात केली.

थिंडचे वकील होते सखाराम गणेश पंडित, अहमदाबादचे, १९१४ पासून अमेरिकन नागरिक. सरकार त्यांच्याही मागे लागलं. त्यांची बायको गोरी अमेरिकन, आणि तेव्हाच्या कायद्यानं नागरिकत्वाला अपात्र परदेशी माणसाशी लग्न केलेल्या बाईचंही नागरिकत्व जायचं, म्हणजे एका निकालात दोघंही परके. पंडितांनी कोर्टात मांडलं की तुम्हीच दिलेल्या नागरिकत्वाच्या भरवशावर मी वकिली उभी केली, घर केलं, लग्न केलं, आता इतक्या वर्षांनी मागे फिरता येणार नाही. १९२६ मध्ये अपील कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि इतरांवरच्या केसेसही थंडावल्या. भारतीयांना तिथे नागरिक व्हायचा रस्ता कायद्यानं उघडला तो १९४६ ला. आज न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात जी मराठी घरं आहेत त्यांनी पंडितांचं नाव लक्षात ठेवावं असं मनापासून वाटतं.

बाईचं नागरिकत्व लग्नानं का जायचं?

कारण बायको नवऱ्याच्या खात्यात धरली जायची. नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेत हे आलं, ब्रिटननं १८७० ला घेतलं, अमेरिकेनं १९०७ ला. कॅलिफोर्नियातल्या एथेल मॅकेंझी यांनी बायकांच्या मतासाठी काम केलं, मत मिळालं, नाव नोंदवायला गेल्या तर सांगितलं की तुमचा नवरा स्कॉटिश, त्यामुळे तुम्ही अमेरिकन नाही. जन्म अमेरिकेत, एक दिवस देश सोडला नाही, तरी सुप्रीम कोर्टात १९१५ ला हरल्या. ब्रिटनमध्ये हा नियम १९४९ पर्यंत होता.

कुठल्याच देशाचा नागरिक नसलेला माणूस असू शकतो?

असू शकतो, आणि विसाव्या शतकानं अशी माणसं लाखांनी तयार केली. रशियन क्रांतीनंतर बाहेर पडलेल्यांचं नागरिकत्व सोव्हिएत सरकारनं काढून घेतलं, पहिल्या महायुद्धापासून सगळीकडे पासपोर्ट बघायला लागलेले, यांच्याकडे दाखवायला काहीच नाही. १९२२ मध्ये फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी राष्ट्रसंघातर्फे एक ओळखपत्र काढलं, ते नान्सेन पासपोर्ट म्हणून ओळखलं जातं. त्यानं नागरिकत्व मिळत नव्हतं, पण सीमा ओलांडता यायची, काम शोधता यायचं.

मग जर्मनी. सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेम्बर्ग कायद्यांनी ज्यू लोकांना राइशच्या, म्हणजे जर्मन राज्याच्या नागरिकत्वातून काढलं, नोव्हेंबर १९४१ च्या हुकमानं देशाबाहेर गेलेल्या, म्हणजे गाडीत भरून पूर्वेला पाठवलेल्या ज्यूंचंही राष्ट्रीयत्व संपवलं आणि मालमत्ता सरकारजमा केली. आधी कागद काढला, मग माणूस. जर्मनीतून निसटलेल्या ज्यू विचारवंत हाना आरेंट स्वतः बरीच वर्षं राष्ट्रहीन होत्या, त्यांनी म्हटलं की सगळ्यात पहिला हक्क म्हणजे हक्क असण्याचा हक्क. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम १५ आलं, प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे. तरी १९८२ च्या ब्रह्मदेशी कायद्यानं रोहिंग्यांना बाहेर ठेवलंच.

भारतात नागरिक कोण हे कसं ठरलं?

फार कष्टानं. १० ऑगस्ट १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितलं की एक कलम सोडलं तर मसुदा समितीला इतका डोकेदुखी देणारा दुसरा विषय नव्हता. फाळणी झालेली, माणसं येतायत, काही जातायत, काही जाऊन परत येतायत. १९ जुलै १९४८ ही रेघ ठरली, त्याआधी पाकिस्तानातून आलेला आपोआप नागरिक, नंतरच्यानं नोंदणी करायची. सिंधमधून येऊन कल्याण कॅम्पात, आजच्या उल्हासनगरात उतरलेल्या घरांचं नागरिकत्व या तारखेवर उभं राहिलं. आणि १ मार्च १९४७ नंतर तिकडे गेलेला माणूस नागरिक नाही, पण परत वसायचा परवाना घेऊन आला असेल तर चालेल, यावरून प्रचंड वाद झाला.

विदर्भाचे पंजाबराव देशमुख उठून म्हणाले की या मसुद्यानं भारताचं नागरिकत्व जगात सगळ्यात स्वस्त होईल, आणि दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू आणि शीख माणसाला ते मिळावं अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. ती मान्य झाली नाही, घटनेनं जन्म, वंश आणि वास्तव्य याच कसोट्या ठेवल्या. नागरिकत्व कायद्यात धर्माचा उल्लेख डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीत आला आणि तोच वाद नव्यानं उभा राहिला. मला वैयक्तिक १९४९ चा निर्णय जास्त पटतो.

भारतात जन्मलं म्हणजे भारतीय, असं आहे का?

आता नाही. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ मध्ये इथे जन्मलेला नागरिक, आईबाप कुणीही असोत (परदेशी वकिलातीतले वगैरे सोडून). १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक तरी भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ पासून दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय असेल तर दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे जन्मभूमीकडून वंशाकडे आपण टप्प्याटप्प्यानं सरकलोय, पेरिक्लीसच्या दिशेनं.

आधार कार्ड चालतं का पुरावा म्हणून?

नाही. २०१६ च्या आधार कायद्याचं कलम ९ सरळ सांगतं की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. आधार रहिवाशाला मिळतं.

१९५० ला सगळे भारतीय खरंच बरोबरीचे नागरिक झाले?

मताच्या बाबतीत जवळजवळ. १९५१-५२ च्या निवडणुकीत १७ कोटींच्या वर मतदार होते, शिक्षण नाही, जमीन नाही, तरी मत, आणि हे कुणी हप्त्यानं दिलं नाही, एका फटक्यात दिलं. तरी सुमारे २८ लाख बायकांची नावं गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलेलं आणि निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी नाव लागेलच असा आग्रह धरला.

आणि आपल्या पारधी, कैकाडी, बेरड, भामटा समाजांचं काय? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार, हजेरी लावायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही, सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. तो कायदा देशभरातून पूर्ण गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून विमुक्त समाज आपला मुक्तिदिन ३१ ऑगस्टला पाळतो, आणि जातीचा दाखला, रेशन कार्ड, राहण्याचा पुरावा यासाठी त्यांची धावपळ अजून संपलेली नाही.

गोव्याची गोष्ट वेगळी का?

कारण गोव्यात हे सगळे टप्पे एकाच घराण्याच्या आठवणीत सापडतात. पोर्तुगालमध्ये उदारमतवादी क्रांती झाल्यावर १८२२ मध्ये गोव्यातून बेर्नार्द पेरिश द सिल्वा आणि कोंश्तांसियु रोक द कोश्त लिस्बनच्या संसदेसाठी निवडून गेले. ब्रिटिश पार्लमेंटात दादाभाई नौरोजी पोचले ते १८९२ ला, आणि तेही लंडनच्या मतदारसंघातून. पण गोव्यात मोठी पदं आणि मान बराच काळ ख्रिस्ती उच्चवर्णीयांपुरता राहिला, हिंदूंना बरोबरी मिळाली १९१० च्या प्रजासत्ताकानंतर. वीस वर्षांत पोर्तुगालच्या सालाझारचा वसाहत कायदा आला, १९३० चा, त्यानं गोंयकारांना परत खालच्या पायरीवर बसवलं. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी तेव्हा कौन्सिलात ठराव मांडला की आपलं भवितव्य ठरवण्याचा हक्क आम्ही सोडलेला नाही. पुढे १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, ती मागणीसुद्धा बोलायच्या, जमायच्या हक्काची होती.

१९६१ ला मुक्ती झाली, आणि मार्च १९६२ च्या आदेशानं २० डिसेंबर १९६१ च्या आधी तिथे जन्मलेले, किंवा ज्यांचे आईबाप-आजीआजोबा तिथे जन्मले ते भारतीय नागरिक झाले, नको असेल त्यानं महिन्याभरात लिहून द्यायचं. पण पोर्तुगालनं आपल्या बाजूनं त्या पिढीला नागरिक मानणं सोडलं नाही.

मग गोव्याच्या माणसाला पोर्तुगीज पासपोर्ट आणि भारतीय नागरिकत्व दोन्ही ठेवता येतं?

नाही. घटनेचं कलम ९ आणि १९५५ चा कायदा दोन्ही सांगतात, स्वखुशीनं परदेशी नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. इंग्लंडातल्या स्विंडनला कामाला गेलेल्या कित्येक गोंयकारांनी हा सौदा विचार करूनच केलाय, युरोपात काम मिळेल पण गावच्या पंचायतीत मत नाही.

ओसीआय कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व का?

ओसीआय म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, नाव तसं वाटतं पण नाही. ओसीआय कार्डावर व्हिसाशिवाय येता येतं, हवं तितकं राहता येतं, फ्लॅट घेता येतो. मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, घटनात्मक पदं नाहीत, सरकारी नोकरी साधारणपणे नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित वारशानं आली तर ठेवता येते, त्यामुळे गावाकडे भावाभावांत वाटणी व्हायची असेल तर सातबाऱ्यावर नाव लावायचं काम वेळेत करून घ्या, आणि त्यासाठी तलाठ्याकडे जाताना जुना भारतीय पासपोर्ट, तो रद्द केल्याचं सर्टिफिकेट आणि वारसाचे कागद बरोबर ठेवा.